हेल्मेट घातलेल्या पोराला जेवायला कोण हाक मारणार?

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे. पाटणला राहते, बारावी सायन्सला आहे आणि कॉलेजसाठी रोज एसटीने कराडला जाते. दहावीच्या सुट्टीपासून मी एक विज्ञान कादंबरी लिहितेय. नायक आर्यन, निओ सिटी नावाच्या शहरात राहतो. तो व्हीआर (आभासी जग दाखवणारं) हेल्मेट घालतो आणि 'नेक्सारा' नावाच्या गेममध्ये अडकतो. तिथे मेला तर इथेही मरणार. दोन वह्या भरल्यात. मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, हे तर 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' आहे, सरळ कॉपी मारलीस. मी ते ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) पाहिलंय, खोटं कशाला बोलू, पण कॉपी नाही केली. दुसरं म्हणजे मी खरा हेडसेट आयुष्यात एकदाच घातलाय. पुण्याच्या एका मॉलमध्ये, पाच मिनिटं, रोलर कोस्टर होता, आणि काढल्यावर मळमळायला लागलं. मग मी कशाच्या जोरावर लिहू? तिसरं, आर्यन एकामागून एक राक्षस मारतोय आणि आता मलाच कंटाळा आलाय. आमच्या इंग्रजीच्या मॅडम म्हणतात, हा विषय मराठीत शोभत नाही, इंग्रजीत लिही. बाबा म्हणतात, आधी बारावी. सोडून देऊ का? सोबत वीस पानं पाठवतेय.
– अडकलेली, पाटण

उत्तर : सोडू नकोस. बाबांचं म्हणणं शेवटी बघू, आधी कादंबरीचं बोलू.

तुझी वीस पानं वाचली. राक्षस कंटाळवाणे आहेत खरे, आणि ते तुझं तुलाच कळलं म्हणजे तुझा कान शाबूत आहे. दरीतला राक्षस, गुहेतला राक्षस, पुलावरचा राक्षस. तिघांची नावं वेगळी, मरायची तऱ्हा एकच. पण सतराव्या पानावर एक जागा आहे. आर्यन बर्फाच्या दरीत कुडकुडतोय आणि एकाएकी त्याच्या पायांना ऊब लागते. तो दचकून खाली बघतो, तर पायाखाली बर्फच. पुढच्या ओळीत तू लिहिलंयस की तिकडे घरी आजीने त्याच्या पायांवर गोधडी टाकली होती. आणि मग तू लगेच पुलावरच्या राक्षसाकडे पळालीस. अगं, कशाला? त्या दोन ओळी वाचून मी वही खाली ठेवली आणि विचार करत बसले. या आजीला माहीत आहे का, नातू कुठे आहे ते? ती त्याला झोपलाय समजतेय का? किती वेळाने तिला शंका येईल? तुझ्या वीस पानांत मला पुढचं वाचावंसं वाटलं ते फक्त इथे.

तेव्हा माझा सल्ला एकच आहे, आणि तुझ्या सगळ्या प्रश्नांना मी तोच फिरवून फिरवून देणार आहे. हेल्मेट घातल्यावर देह मागे राहतो, त्या देहाची गोष्ट लिही. तो कुठल्या घरात पडलाय, त्याला कोण हाक मारतं, कोण पांघरूण घालतं, कोण रागावून हेल्मेट उपटायला येतं. आतल्या लढाईला वजन येतं ते या बाहेरच्या माणसांमुळे.

आता कॉपीचं. तुझ्या मैत्रिणीला सांग, ही कल्पना कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. स्टॅनली वाइनबॉम नावाच्या अमेरिकन लेखकाने 1935 साली एक कथा लिहिली. तीत एक प्राध्यापक असा चष्मा बनवतो की घालणाऱ्याला दिसतं, ऐकू येतं, चव लागते, वास येतो, स्पर्शही होतो. घरात टीव्हीसुद्धा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. 1950 मध्ये रे ब्रॅडबरीने पोरांची अशी एक खोली रंगवली की भिंतींवर पोरांच्या मनातलं आफ्रिकेचं माळरान उभं राहतं, सिंहांसकट, आणि त्या खोलीचा शेवट आईबापांना महागात पडतो. रेकी कावाहारा या जपानी लेखकाने 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' 2002 पासून आपल्या वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली, पुस्तक 2009 मध्ये आलं आणि तू पाहिलंस ते ॲनिमे 2012 चं. म्हणजे तोही या वाटेवर पहिला नव्हता. गेममध्ये अडकणं ही आता राजाराणीच्या गोष्टीतल्या सात समुद्रांसारखी सगळ्यांची सामायिक जागा झाली आहे. तिथे जायला परवानगी लागत नाही.

मात्र मैत्रीण अगदीच चुकलेली नाही. 'तिथे मेला तर इथेही मरणार' हा नियम तू उचललास, पण त्या नियमामागे कावाहाराने जो विचार केला होता तो उचलला नाहीस. ते ॲनिमे पुन्हा बघ, पहिलाच भाग. दहा हजार खेळाडू अडकतात. गेम बनवणारा आकाशात येऊन सांगतो की बाहेरून कुणी हेल्मेट काढायचा प्रयत्न केला तर मेंदू जळेल, आणि तो हे सांगतो तोवर दोनशेहून जास्त माणसं मेलेलीसुद्धा असतात. कुणामुळे? त्यांच्या घरच्यांमुळे, नातलगांमुळे, मित्रांमुळे. इशारा दिलेला असूनही घाबरून, काळजीपोटी, त्यांनी हेल्मेट ओढून काढलं. शिवाय वीज दहा मिनिटं गेली तर, इंटरनेट दोन तास तुटलं तर, असे हिशेब त्याने घालून दिलेत, म्हणजे अडकलेल्यांना दवाखान्यात हलवायला तेवढा वेळ मिळतो. बघ, किती लक्ष देऊन त्याने खोलीतल्या देहाचा विचार केलाय! मग मात्र कॅमेरा गेममधल्या किल्ल्यात जातो आणि दवाखान्यात बसलेल्या आया फारशा दिसत नाहीत. ती जागा मोकळी आहे. तिथे तू जा.

आणि आपल्या घरात काय होईल याचा जरा विचार कर. आपल्याकडची आई पहिली हाक स्वयंपाकघरातून मारते, दुसरी दारात येऊन, आणि तिसऱ्यांदा हाक मारत नाही, थेट हात घालते. तुझ्या आर्यनचं हेल्मेट रात्री साडेआठला, भाकरी तव्यावर असताना उपटलं जाईल. कादंबरी पहिल्या प्रकरणातच संपली! ती संपू नये म्हणून तुला काहीतरी युक्ती काढावी लागेल, आणि ती युक्ती म्हणजेच तुझं कथानक. घरात त्या वेळी कुणीच नाही का? का नाही? आई कामाला जाते, बाबा मुंबईला असतात, घरात फक्त आजी आहे आणि तिला या पेटाऱ्यातलं काही कळत नाही? की सगळं कळतं पण ती सांगत नाही? हे प्रश्न निओ सिटीत पडत नाहीत. तिथे आर्यनला स्वतःची खोली आहे, दाराला आपोआप लागणारं कुलूप आहे. मला सांग, तुझ्या ओळखीच्या किती पोरांना दार लावून बसता येतं?

आता तंत्रज्ञान. पाच मिनिटं हेडसेट घातलास आणि मळमळलं, हे भांडवल म्हणून थोडं नाही. उलट ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळलं. ते का होतं ते समजून घे. डोळे मेंदूला सांगतात की आपण उतारावरून सुसाट खाली चाललोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण मॉलमधल्या खुर्चीत ढिम्म बसलोय. दोघांचं भांडण पोटात उतरतं. शिवाय मान वळवली की चित्रही तत्काळ वळायला हवं. हे यंत्र बनवणारे साधारण 20 मिलिसेकंदांची मर्यादा धरून चालतात. त्याहून उशीर झाला की डोकं गरगरू लागतं. आर्यन तुझ्या तिसऱ्या पानावर घोड्यावर बसून दरीत उडी घेतो आणि त्याला काहीही होत नाही. एकदा तरी ओकू दे की त्याला. वाचक लगेच तुझ्या बाजूचा होईल.

आणखी एक गोष्ट तू त्या मॉलमध्ये पाहिली असशील, पण लिहिली नाहीस. हेडसेट कितीही घट्ट बांधला तरी बऱ्याचदा नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. आत अंतराळ असतं, ग्रह फिरत असतात, आणि नजर अगदी खाली नेली की त्या फटीतून मॉलची फरशी दिसते, आपल्याच चपला दिसतात, शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे बूट दिसतात. कंपन्या ही फट बुजवायला रबराच्या पट्ट्या देतात. लेखकाने मात्र ती बुजवू नये. कल्पना कर, आर्यन किल्ल्याच्या तटावर उभा आहे, आकाशात दोन चंद्र आहेत, आणि नाकापाशी बोटभर फटीत त्याला शेणाने सारवलेली जमीन दिसते, किंवा तुमच्याकडे शहाबादी असेल तर शहाबादी. त्या फटीत अचानक दोन पाय येऊन उभे राहतात. जोडवी घातलेले. आईचे. आता ती किती वेळ तिथे उभी आहे? काय बघतेय? तो हेडसेट काढत नाही. ती काही बोलत नाही. पाय निघून जातात. माझ्या मते तुझ्या तीन राक्षसांपेक्षा यात जास्त भीती आहे.

अर्थात यासाठी तुला आधी ठरवावं लागेल की तुझं यंत्र कुठल्या जातीचं आहे. ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक चष्मेवालं, जे फक्त डोळ्या-कानांना फसवतं. बाकी देह इथेच असतो, त्याला भूक लागते, डास चावतात, घाम येतो. दुसरं मेंदूवालं, जे थेट डोक्याशी बोलतं आणि देहाकडून येणारे-जाणारे निरोप मध्येच अडवतं. कावाहाराचं हेल्मेट दुसऱ्या जातीचं. तू नाव दिलंस दुसऱ्या जातीचं, पण गोधडीची ऊब आत पोचवलीस, म्हणजे तुझं यंत्र गळकं आहे. हे चुकून झालं असेल तरी दुरुस्त करू नकोस. गळकं यंत्र हे तुझ्या कादंबरीचं वैशिष्ट्य होऊ दे. फक्त नियम पक्का कर. काय गळतं? ऊब गळते, मग आवाज गळतो का? वास? कांद्याच्या फोडणीचा वास जर दरीत पोचला, तर तो नेहमी पोचायला हवा, तुला गरज असेल तेव्हाच नाही. विज्ञानकथेत वाचक अशक्य गोष्ट एकदा मान्य करतो. दुसऱ्यांदा सोयीसाठी नियम वाकवलास की तो पुस्तक मिटतो.

हेडसेट परत घालायला मिळाला तर घाल, नाही मिळाला तर अडत नाही. ज्याने घातलाय त्याला खोदून विचार. गालावर वळ किती वेळ राहतात, काच धुकट झाली की काय करतोस, बॅटरी किती वेळ टिकते, उभ्याने खेळताना कशावर आपटलास. या यंत्रांत खेळायच्या जागेभोवती हद्द आखून घ्यावी लागते आणि हद्दीजवळ गेलं की डोळ्यांपुढे जाळी उमटते. पाटणच्या घरात ही हद्द कुठून कुठे आखणार? एका बाजूला कॉट, दुसऱ्या बाजूला धान्याची कोठी, मध्ये शिलाई मशीन. वीरपुरुषाला तलवार फिरवायला हातभर जागा नाही! हे विनोदी आहे आणि खरंही आहे, आणि दोन्ही एकत्र मिळण्याची संधी सारखी येत नाही. (तसा सुरुवातीलाही जागेचा प्रश्न होताच. आयव्हन सदरलंडने 1968 मध्ये डोक्यावर घालायचं जे यंत्र बनवलं ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागलं होतं.)

निओ सिटीचं काय करायचं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. काढून टाक. तू म्हणशील, पाटणमध्ये कुठे विज्ञानकथा घडतात? कोरी डॉक्टोरो या कॅनडात जन्मलेल्या लेखकाने 2010 मध्ये किशोरांसाठी 'फॉर द विन' नावाची कादंबरी लिहिली. ऑनलाइन गेममध्ये सोनं खणून पोट भरणाऱ्या पोरांची गोष्ट आहे ती. तिच्यातली एक नायिका माला, धारावीत राहते, तिथल्या कॅफेत बसून गेममध्ये अख्खी फौज चालवते, आणि पोरं तिला 'जनरल रोबोटवाला' म्हणतात. लेखकाने ही कादंबरी आपल्या वेबसाइटवर फुकट वाचायला ठेवली आहे, तेव्हा पैशाची अडचण नाही. धारावी त्याला पूर्ण साधली आहे असं मी म्हणणार नाही, काही ठिकाणी परक्याची नजर जाणवते. पण सातासमुद्रापलीकडचा माणूस धारावीची पोर नायिका म्हणून घेतो आणि पाटणची पोर निओ सिटी शोधत बसते, हे काही बरं दिसत नाही.

आणि पाटण म्हणजे साधी जागा आहे का? वर कोयनेचं धरण, 1,960 मेगावॉटचा वीज प्रकल्प, आणि खाली तुमच्या घरात लाइट जाते ती जातेच. वीज डोळ्यांदेखत तयार होते तिथल्याच पोराचं हेल्मेट वीज गेल्यामुळे बंद पडतं, ही गोष्ट टोकियोतल्या लेखकाला सुचणार नाही. दुसरं, भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला काय झालं ते तुझ्या आजीला विचार. त्या भागात आजही अधूनमधून छोटे धक्के बसतात, ते तू माझ्यापेक्षा जास्त अनुभवले असशील. आता आर्यन हेल्मेट घालून बसलाय आणि खुर्ची हलते. त्याला वाटतं गेमच्याच करामती आहेत, काय भारी इफेक्ट दिलाय! आजी मात्र भांडी वाजायच्या आधीच उठून बसली आहे, कारण तो जमिनीतला आवाज ती लहानपणापासून ओळखते. तिला नातवाला बाहेर काढायचंय. आणि तुझा नियम असा की हेल्मेट ओढलं तर तो मरेल. हे तिला कुणी सांगितलेलं आहे का? तू लिहायला बस, मला उत्तर माहीत नाही आणि मला ते वाचायचंय.

यातूनच तुझ्या कंटाळ्याचं औषध निघतं. राक्षस मारणं कंटाळवाणं होतं कारण हरलं तर काय जाईल ते एकदा सांगून झालं आणि नंतर वाढलंच नाही. मरण ही फार मोठी किंमत आहे, पण शंभर पानं तीच टांगून ठेवली तर वाचकाला तिची सवय होते. व्हिव्हियन वँडे वेल्डे या अमेरिकन बाईंची 'एअर अपेरंट' नावाची कादंबरी आहे, 2002 ची. चौदा वर्षांची मुलगी वाढदिवसाच्या भेटीतून व्हीआर गेम खेळायला जाते. गेममध्ये ती सारखी मरते, आणि मेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. नुसतं एवढंच असतं तर आपणही पुस्तक ठेवून दिलं असतं. पण बाहेर निदर्शनं करणारे लोक घुसतात, हे खेळ पोरांसाठी घातक आहेत म्हणून यंत्रांची मोडतोड करतात, आणि त्यामुळेच ती मुलगी आत अडकते. पोरांना वाचवायला आलेल्यांनीच पोरीला संकटात टाकलं! आता तिच्या प्रत्येक मरणात बाहेरचा वेळ खर्च होतो आणि मेंदूला धोका वाढतो. मरण तेच, दर वेळी महाग होत जाणारं. शिवाय बाई विनोदी लिहितात. तुझ्या वीस पानांत एकदाही कुणी हसलेलं नाही, तेवढं बघ.

तुझ्या कादंबरीत दर वेळी काय महाग होईल? माझी एक सूचना आहे, पटली तर घे. गेममध्ये आर्यनचं नाव काय आहे? तू त्याला आतही आर्यनच ठेवलंयस. ही फार मोठी संधी घालवलीस. तुझ्या वयाच्या वाचकांना हेल्मेटचं सगळ्यात मोठं आकर्षण कशाचं असतं? तलवारीचं नव्हे. आत आपण कुणीही असू शकतो याचं. अर्नेस्ट क्लाइनची 'रेडी प्लेअर वन' 2011 मध्ये आली, तिच्यावर स्टीव्हन स्पीलबर्गने 2018 मध्ये सिनेमाही काढला. तिच्यात नायकाचा जिवलग मित्र आहे, गेममध्ये गोरा, रुबाबदार पोरगा. आणि पुढे खुलासा होतो... वाचायची असेल तर इथून चार ओळी सोड... की तो मित्र प्रत्यक्षात कृष्णवर्णीय मुलगी आहे. गोऱ्या मुलाचं रूप घेतलं की वागणूक चांगली मिळते, हे तिला तिच्या आईनेच शिकवलेलं असतं. जुन्या व्हिडिओ गेमची आणि सिनेमांची जंत्री त्या पुस्तकात मला जड गेली, पण हे पान मी विसरलेले नाही.

आपल्याकडे याच जागी काय येईल? आडनाव. नवीन माणूस भेटला की दुसरा प्रश्न हाच असतो, आणि नुसतं नाव सांगितलं तर 'पूर्ण नाव सांग की' म्हणतात. का विचारतात ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आता एक जग असं आहे जिथे आडनाव नाही. तिथे 'वज्र_07' म्हणून तुझा नायक वर्षभर एका टोळीत आहे, सगळे त्याला मानतात, त्याच्या शब्दावर जीव टाकतात. टोळीतला एक जण कराडचाच निघतो. मग तो म्हणतो, चल भेटू, प्रीतिसंगमावर ये. जावं का? भेटल्यावर तो काय विचारेल? आतली दोस्ती बाहेर आल्यावर टिकेल का? राक्षसाच्या जबड्यात उभं राहायला न घाबरणारा पोरगा एसटीच्या पायरीवर पाय ठेवताना घाबरतो. दर भेटीगणिक, दर थापेगणिक किंमत वाढत जाईल आणि त्यासाठी कुणाला मारावं लागणार नाही. मुलगी नायिका घेतलीस तर आणखी एक पदर आहे. आत शिरताना ती मुलाचा आवाज का निवडते, हे तुला मी समजावून सांगायला नको.

मॅडमना माझा नमस्कार सांग, पण त्यांचं ऐकू नकोस. तुझं इंग्रजी चांगलं असेलही. पण इंग्रजीत लिहायला लागलीस की तू तुझ्या घरातलं न लिहिता वाचलेल्या पुस्तकांतलं लिहिशील, हे तुझ्या निओ सिटीवरूनच दिसतंय. मराठीत शोभत नाही असं तुला वाटायचं कारण वेगळं आहे. तुझी पात्रं आत गेल्यावर ऐतिहासिक नाटकातलं बोलतात. 'थांब दुष्टा, तुझा काळ आला आहे!' कोण बोलतं गं असं? तुझ्या वर्गातली पोरं मोबाइलवर गेम खेळताना काय ओरडतात ते ऐक. 'भाई पीछे बघ, पीछे!', 'अरे लॅग मारतोय', 'रिव्हाइव्ह दे ना यार', 'नेट गेलं, नेट गेलं!' अनोळखी खेळाडूशी हिंदी, मित्राशी मराठी, आणि खरोखर फाटली की आपल्या गावची बोली. आर्यनला पाटणचं बोलू दे. हेडसेटला हेडसेट म्हण, लॉग आउटला लॉग आउट म्हण, आणि गेममधल्या वस्तूंची नावं मात्र मनापासून नवीन शोध, कारण ती दुनिया तू निर्माण केली आहेस. 'नेक्सारा' हे नाव मला औषधाच्या गोळीचं वाटलं. बदल.

आणि विज्ञानकथेचं म्हणशील, तर मराठीला ती नवीन नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली तीसुद्धा टोपणनावाने. नारायण विनायक जगताप. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात. परीक्षकांनी नावाकडे न बघता कथेकडे बघावं, एवढाच हेतू. बक्षीस मिळालं ते जगतापांना. जगातला मोठा शास्त्रज्ञ आडनाव बाहेर ठेवून आत शिरला होता, हे तुझ्या कादंबरीच्या एखाद्या पात्राला माहीत असायला हरकत नाही.

राहिले बाबा. बाबांचं बरोबर आहे. दोन वह्यांची कादंबरी बारावीच्या वर्षात पुन्हा लिहून होणार नाही, आणि घाईत केलीस तर दोन्हीकडे नुकसान. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, मग सीईटी की नीट जे असेल ते. तोवर वह्या कपाटात ठेव. पण एक छोटी वही एसटीत जवळ असू दे. रोज जाता-येता जेवढा वेळ मिळतो त्यात फक्त टिपणं काढ: कोण काय बोललं, लाइट गेली तेव्हा घरात कोण कुठे होतं, आजीने भूकंपाचं काय सांगितलं. आजीचं तर आधीच लिहून घे, त्याला परीक्षेची वाट बघू नकोस. बाबांनाही सांग की कादंबरी जूनपर्यंत बंद आहे. त्यांना बरं वाटेल, आणि टिपणवही कादंबरी नसते, त्यामुळे तू खोटंही बोलणार नाहीस.

जूनमध्ये बसलीस की पहिल्या पानापासून लिहू नकोस. गोधडीपासून सुरू कर. आजी, गोधडी, पाय, आणि दरीतली ऊब, एवढंच एक प्रकरण, आठ-दहा पानांचं. ते जमलं तर मागचं-पुढचं त्याच्या ओढीने येईल. नाही जमलं तर ती एक कथा होईल आणि ती स्पर्धेला किंवा एखाद्या दिवाळी अंकाला पाठवता येईल. दिवाळी अंकांची साहित्य मागवायची वेळ पावसाळ्यातच असते, तेव्हा जुलैपर्यंत हातात असलेली बरी. मैत्रिणीलाही वाचायला दे. तिने 'सोर्ड आर्ट'चं नाव काढलं नाही तर मला कळव, आणि काढलं तर नेमक्या कुठल्या ओळीला काढलं ते कळव.